कंदील म्हटलं की खरं

गावाच्या वरच्या अंगाला नदीवर धरण आहे, धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे, वीजघराभोवती कुंपण आहे आणि कुंपणाच्या आत माझ्या दादा-वहिनीचं घर आहे. एवढं सांगितलं की माणसं विचारतात, म्हणजे दादा वीजघरात नोकरीला होता का? नाही. मग क्वार्टर मिळालं होतं का? तेही नाही. घर आधी होतं, कुंपण मागून आलं. कुंपणाला मात्र हे कधी पटलेलं नाही.

पहिलं कुंपण लहान होतं, वीजघरापुरतं. मग देशाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी विजेचं एक केंद्र स्फोटाने उडवलं, अर्धा देश बरेच दिवस अंधारात बसला आणि वरून हुकूम सुटला की कुंपणं वाढवा. दादा वेल्डर. त्याला घरबसल्या काम मिळालं. जमिनीवर चुन्याची रेघ मारली होती, ती घराच्या मागून जात होती. दादा काळी काच डोळ्यांपुढे धरून दिवसभर खांबांना पट्ट्या जोडायचा आणि संध्याकाळी वहिनीला सांगायचा, आपल्या परसाला फुकटात सरकारी भिंत मिळतेय. शेवटच्या टप्प्याला मोजणीवाले परत आले. घरामागच्या टेकाडावरून वीजघराचं अंगण दिसतं, ते टेकाड आत घ्यायला हवं, असं म्हणून त्यांनी जुनी रेघ पुसली आणि घराच्या पुढून नवी मारली. दादाने तीही जोडली. मोठं फाटकसुद्धा त्याच्याच हातचं, बिजागऱ्या अशा बसवल्या होत्या की लहान पोराने ढकललं तरी उघडावं. शेवटचा सांधा जोडून, हत्यारं गोळा करून तो घरी आला आणि हातपाय धुताना त्याच्या लक्षात आलं की घरी यायला आज कुंपण ओलांडावंच लागलं नाही.

वहिनी म्हणाली, "आपला पिंजरा आपणच करणारा पक्षी मी पहिल्यांदा बघितला." दादा हसला. त्या वेळी हसण्यासारखंच होतं, कारण जागा लवकरच ताब्यात घेऊन दुसरीकडे घर देणार असं लेखी कळवलं होतं. लवकरच हा शब्द सरकारने वापरला की त्याला वय नसतं. मोजणीवाल्यांचे केस पिकले, दादाचे गळले, वहिनीला चष्मा लागला.

मधल्या काळात घरात काय काय बंद झालं ते सांगते. नवी वीट लावायची नाही, कारण संरक्षित क्षेत्र. कौल फुटलं तर जुनंच शोधून आणायचं. विजेचे जुने खांब सुरक्षेसाठी काढले आणि नवे द्यायला परवानगी नाही. वीजघराची घरघर चोवीस तास कानात, त्या विजेवर राजधानीतले सरकते जिने चालतात, आणि माझी वहिनी कंदिलाच्या उजेडात शिवणाची काजं करते. दिव्याखाली अंधार ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण ती कुणाचा पत्ता म्हणून लिहिता येईल असं वाटलं नव्हतं. छपरावर सौर पॅनेल बसवू का, असंही दादाने विचारलं होतं. छपरावर चकाकणारी वस्तू चालणार नाही, असं उत्तर आलं.

सगळ्यात वाईट पासाचं. घरच्या दोघांना कायमचा पास. बाकी कुणीही आलं तर आदल्या दिवशी अर्ज, फोटो, ओळखपत्र, आणि सूर्य मावळायच्या आत बाहेर. अशा घरी पाहुणा कोण जाणार? हळूहळू येणारे आटले. मी फाटकासमोर झेरॉक्स आणि पासफोटोचं दुकान टाकलं. त्याच कुंपणाने भावाला कोंडलं आणि बहिणीला पोसलं. माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की वहिनीच्या घराचं दार दिसतं, दारातली चप्पल दिसते. जायला मात्र पास लागतो.

मग ही दोघं निघून का गेली नाहीत? हा प्रश्न मला गावातल्या प्रत्येकाने विचारून झालाय. घर विकता येत नाही, कारण सरकार घेणार आहे. सरकार घेत नाही, कारण निधी नाही. आणि सोडून जावं तर एक रात्र जरी घरात माणूस दिसलं नाही की राहण्याचा हक्क संपला, नव्या घरावरचा दावाही संपला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दादाचं सगळं आयुष्य त्या दोन खोल्यांत गेलं होतं, ते तो वाऱ्यावर सोडायला तयार नव्हता. आणि वहिनी त्याला सोडून कुठे जाणार होती?

सुरक्षेचे साहेब वाईट होते असं मी म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या द्यायला कुणीतरी लागतं. एकदा माझ्या दुकानात फोटोला बसले तेव्हा मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, श्रीमंत देशाचं एक वीजघर गेलं तर ते दुसऱ्याचं बटण दाबतात. आपल्याकडे दुसरं नाही. हे गेलं तर दवाखान्यातली यंत्रं बंद, कारखाने बंद, पाण्याचे पंप बंद. गरिबाच्या घरात एकच चांगलं भांडं असतं, ते तो कडीकुलपात ठेवतो." मी म्हटलं, "ठेवा की. पण त्या भांड्यात माझा भाऊ आहे." फोटोत त्यांचे डोळे मिटलेले आले, परत काढावा लागला.

वहिनीचं शिवणकाम कुंपणामुळे वाढलं, हे मात्र खरं. जवानांचे गणवेश सरकारी मापाचे येतात आणि जवान आईच्या मापाचे असतात. कंबर आत घे, बाही खाली सोड, नावाची पट्टी लाव, अशी कामं घेऊन सगळे तिच्याकडे. तिला काकू म्हणायचे. त्यांच्यात एक लंबू होता. सरकारची कुठलीच पँट त्याच्या घोट्यापर्यंत पोचायची नाही. वहिनी त्याच्या पँटची दुमड उसवून, आतून जोडपट्टी लावून अशी लांबवायची की सांधा शोधून सापडू नये. तो फाटकावर असला की मला पास थोडा लवकर मिळायचा.

आता सरावाचं सांगते. दरवर्षी एक दिवस वीजघरावर हल्ला झाला असं समजून सराव होतो. भोंगा वाजतो, फोन बंद पाडतात, फाटकाला कुलूप, आणि सुटकेचा भोंगा होईपर्यंत माशीसुद्धा आत-बाहेर नाही. दुसऱ्या ठाण्याचे जवान दंडाला लाल पट्टी बांधून शत्रू होतात. शत्रूला ओलीस धरायला घर हवं, आणि कुंपणाच्या आत घर एकच. म्हणून दरवर्षी वहिनी ओलीस. तिने खिडकीतून वाचवा वाचवा ओरडायचं, मग आपले जवान येऊन तिला सोडवायचे. पहिल्या वर्षी ती लाजली. पुढे तिला त्यात गोडी लागली, आणि तिचं ओरडणं ऐकायला जवान कामं सोडून यायचे. दादा तर या दिवसाची वाट बघायचा. वर्षभरात घरी बिनापासाचे येणारे पाहुणे म्हणजे हे दोन शत्रूच. वहिनी त्यांना चहा करायची, दादा पत्ते काढायचा, आणि सुटका होईपर्यंत डाव रंगायचा. एकदा डाव अर्धा राहिला म्हणून सोडवायला आलेल्यांना दादाने बाहेर थांबवलं होतं.

असं चाललं होतं, आणि एके दिवशी दादाचा उजवा हात बधिर झाला. जीभ जड झाली. थोड्या वेळाने आपोआप ठीक झालं, पण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीला बसवून बजावलं की ही नोटीस आहे, पुढचा झटका मोठा येईल, आणि तो आला की इथे पोचायला एक मिनिटसुद्धा वाया घालवू नका. वेळेत आणलंत तर माणूस चालत घरी जाईल.

त्या दिवसापासून वहिनीच्या डोक्यात एकच हिशेब. घर ते फाटक, फाटक ते दवाखाना. रस्ता काही लांब नाही, मधे फाटक आहे. ती थेट साहेबांकडे गेली. साहेबांनी मनापासून मदत केली. फाटकावरच्या सगळ्या पाळ्यांना सूचना दिल्या, गाडी तयार ठेवायला सांगितलं. मग वहिनीने विचारलं, सरावाच्या दिवशी झटका आला तर? तेव्हा मी ओरडले तर तुमची माणसं टाळ्या वाजवतील. साहेबांना हे सुचलं नव्हतं. त्यांनी विचार करून सांगितलं की एक शब्द ठरवू. तो शब्द उच्चारला की सराव तिथेच बाजूला आणि फाटक उघडायचं. घाबरल्यावरही आठवेल असा शब्द तुम्हीच सांगा. वहिनी म्हणाली, कंदील. रोज संध्याकाळी हातात असतो, तो काय विसरणार?

ठरलं. कंदील म्हटलं की खरं. लंबूने तर फाटकाच्या चौकीत खडूने एवढासा कंदील काढून ठेवला. वहिनी त्या रात्री शांत झोपली, असं तिनेच मला सांगितलं.

पुढच्या सरावाला तपासणीसाठी वरून पथक आलं. हुशार माणसं. त्यांनी सगळे नियम वाचले, हा शब्दही वाचला, आणि त्यांना वाटलं की शत्रूला हा शब्द कळला तर? तो ओलिसाला आजारी म्हणून आणेल, कंदील म्हणेल आणि सरळ फाटकातून निघून जाईल. वाटलं त्यात चूक काहीच नव्हती. म्हणून सकाळी फाटकावरच्या जवानांना तोंडी सांगितलं की आज हा शब्द कुणीही म्हणो, भोंग्याशिवाय फाटक उघडायचं नाही. हा डाव खेळायला शत्रूची दुसरी जोडी दुपारी येणार होती. दादा त्यांच्या आधी आला.

मी पायरीवर उभी होते. भोंगा होऊन बराच वेळ झाला होता. वहिनीचं ठरलेलं ओरडणं होऊन गेलं होतं, जवानांनी दादही दिली होती. घरात डाव चालू असणार असं मनात म्हणत होते, तोच दार उघडलं आणि लाल पट्टीवाले दोघं वहिनीची कापड बेतायची फळी उचलून धावत निघाले. फळीवर दादा. पुढे वहिनी, गळ्यात मापाची टेप, पायांत काही नाही. ती कंदील, कंदील म्हणून ओरडत होती.

नंतर कळलं ते असं. दादाच्या हातातून पत्ते गळले. शत्रूंना आधी वाटलं म्हातारा लबाडी करतोय. मग त्याचं तोंड वाकडं झालं. त्या पोरांनी क्षणभरही वेळ घालवला नाही, हे मी त्यांच्यासाठी सांगून ठेवते.

पण फाटकावरून काय दिसलं? शत्रू, ओलीस, आजारी माणूस आणि तो शब्द. सकाळी सांगितलं होतं तसंच, एकही गोष्ट कमी नाही. लंबूने वायरलेसवर कळवलं. वरून उत्तर आलं, अपेक्षेप्रमाणे, फाटक बंद ठेवा.

मी धावत जाऊन गज धरले. सांगितलं, तो माझा भाऊ आहे, त्याला खरंच झटका आलाय. दुसरा एक जवान मला नम्रपणे म्हणाला की बाई, तुम्हालाही यात भूमिका दिलीय का? मला आजही त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, आणि तो बिचारा अगदी सरळपणे विचारत होता. आत त्या दोघा शत्रूंनी लाल पट्ट्या काढून फेकल्या, तर चौकीतल्यांना तीही युक्ती वाटली. एक शत्रू रडायला लागला. जवान एकमेकांकडे बघून म्हणाले, काय काम करतोय. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पोरांना खोटं बोलू नये म्हणून सांगतो. इथे कुणीही खोटं बोललं नव्हतं. शब्द खरा होता, बाई खरी होती, हुकूमही खरा होता, आणि माझा भाऊ फळीवर पडून तो एकच शब्द परत परत ऐकत होता. शुद्धीवर होता तो. डोळे फिरत होते.

वहिनी एकाएकी गप्प झाली. गजांशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "लंबू, माझ्याकडे बघू नकोस. ह्यांच्या तोंडाकडे बघ."

लंबू गजांजवळ आला आणि वाकला. लाळ दादाच्या कानापर्यंत गेली होती आणि अर्धा चेहरा दुसऱ्याच कुणाचा असावा तसा खाली ओघळला होता. लंबू वायरलेसवर म्हणाला, हे नाटक नाही. उत्तर आलं, फाटक बंद ठेवा. त्याने परत सांगितलं, परत तेच उत्तर. मग त्याने ते यंत्र जमिनीवर ठेवलं आणि कुलूप काढलं. दादाच्या हातचं फाटक, एका धक्क्यात उघडलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई वहिनीवरच ओरडल्या, एवढं बजावूनही उशीर केलात म्हणून. वहिनी म्हणाली, "फाटक बंद होतं." त्यापलीकडे तिने कुणालाच काही सांगितलं नाही. दादा वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

तो दवाखान्यात होता तेव्हा वहिनीला त्याच्याजवळ राहताही आलं नाही. घरात माणूस दिसायला हवं, नाहीतर हक्क गेला. संध्याकाळी ती फाटकातून आत जायची, कंदील लावायची, हजेरी लागायची, आणि सकाळी परत यायची. रात्री दादापाशी मी. मी तिला म्हटलं, जाऊ दे ते घर खड्ड्यात. ती म्हणाली, "वन्सं, आता तर नवं घर मिळायलाच हवं. ह्यांना या घराच्या पायऱ्या चढता येणार नाहीत." मला तिचा राग आला आणि तिचं पटलंही.

तपासणीचा निकालही त्याच दिवसांत लागला. घरातली ओलीस अतिशय वास्तव, असा शेरा. फाटक मात्र भोंग्याआधी उघडलं म्हणून नापास. लंबूची बदली झाली. जाताना तो माझ्या दुकानात आला, वहिनीसाठी निरोप ठेवायचा म्हणाला, आणि मग निरोप काय तेच त्याला सुचेना. त्याची पँट वहिनीकडेच राहिली, एक पाय लांब झालेला.

दादा घरी आला आणि काही दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द फुटला. कंदील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, सगळी भाषा जाते आणि एखादा शब्द उरतो. तोच का उरला ते त्यांना सांगता येईना. मला येतं, पण मला कुणी विचारलं नाही. आता पाणी हवं, कंदील. कूस बदलायची, कंदील. डास चावला, कंदील. वहिनीशी भांडायचं असेल तर मोठ्याने कंदील. पहिले काही दिवस फाटकावरून जवान स्ट्रेचर घेऊन धावत यायचे. दर वेळी वहिनी दारात उभी राहून सांगायची, काही नाही, चहा मागतायत. मग ते धावेनासे झाले.

शेवटी साहेब आले. खुर्ची असून उभेच राहिले. म्हणाले की हा शब्द रद्द करावा लागेल, दिवसभर कुंपणापर्यंत ऐकू येतो, त्याला अर्थ उरला नाही. नवा शब्द ठरवू.

वहिनीने मशीन थांबवलं. "ह्यांना म्हणता येईल असा ठरवा," ती म्हणाली.

साहेबांनी दादाकडे बघितलं. दादा त्यांना बघून खुलला होता, घरी माणूस आलं की खुलतोच तो. म्हणाला, कंदील. बहुतेक बसा म्हणत होता. साहेब बसले नाहीत.

नवा शब्द ठरलाय. तो वहिनीला ठाऊक आहे, मला सांगायची परवानगी नाही. मी तिला एकदा विचारलं, दादा दिवसभर एकच म्हणतो, त्यातलं खरं कुठलं ते तुला कसं कळतं? ती म्हणाली की सगळंच खरं असतं. हल्ली ती दिवस मावळायच्या खूप आधी कंदील लावून त्याच्यासमोर ठेवते. तेल उगाच जळतं म्हणून मी टोकलं तर म्हणाली, तेवढा वेळ ह्यांचं बरोबर असतं.

काल या वर्षीचा सराव झाला. घर तेच. वहिनीने ओरडायला नकार दिला, तर साहेब म्हणाले की नुसतं बसा, तेवढं चालेल. भोंगा झाला, फाटकाला कुलूप लागलं, आणि लाल पट्टीवाले दोन नवे शत्रू दार ठोठावून आत गेले. थोड्याच वेळात दादाचा आवाज आला. कंदील, कंदील, कंदील. फाटकावरच्या जवानांनी मानसुद्धा वळवली नाही. त्यांचं बरोबरच होतं, तो शब्द रद्द झालाय. घरी पाहुणे आले म्हणून दादा पत्ते मागत असेल. की त्याला काही होत होतं, ते मला पायरीवरून कळेना. वहिनी दारात आली नाही. सराव चालू असताना पास मिळत नाही, म्हणून सुटकेचा भोंगा होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.